चौथ्या पेटीचा पत्ता

मार्च सरत आला होता आणि धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या ऑफिसचा पंखा गरम हवाच फिरवून फिरवून अंगावर टाकत होता. मी मूळची जळगावची. सोमवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला यायचं, आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत जायचं, असं करता करता अकरा वर्षं गेली. जळगावच्या उन्हाला कंटाळून धुळ्याला यावं तर इथलं ऊन काही कमी नाही. दोन्हीकडची उन्हं पाठ झाली, एवढाच काय तो फायदा.

काम सांगायला सोपं आहे. गावाच्या टाकीतलं पाणी एका वेळी सगळ्या गावाला पुरत नाही, म्हणून गावाचे भाग पाडून ते पाळीने सोडतात. पूर्वी माणूस लोखंडी चावी घेऊन चेंबरमध्ये वाकायचा आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. आमच्या कंपनीने त्या जागी पेट्या बसवल्या. पेटीत सिमकार्ड असतं. ठरल्या वेळी ती व्हॉल्व्हवरची मोटर फिरवते आणि ‘उघडला’ असा निरोप वर पाठवते. वर म्हणजे क्लाउडवर, कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या कॉम्प्युटरवर. पेटी कुठे बसवली आहे, कोणत्या दिवशी किती वाजता व्हॉल्व्ह उघडायचा, किती मिनिटांनी बंद करायचा, हे सगळं कॉन्फिगरेशन तिथेच साठवलेलं असतं. निरोप वेळेवर आला की आमच्या पडद्यावर पेटीसमोर हिरवा ठिपका दिसतो. नाही आला तर लाल.

त्या क्लाउडवाल्यांनी कळवलं की त्यांची जुनी सेवा महिनाअखेर बंद होणार, तेव्हा आपापली कॉन्फिगरेशनं काढून घ्या. काढून घ्या म्हणणं त्यांना सोपं होतं. सगळी यादी एका फाइलीत देत नाहीत, एपीआयमधून मागावी लागते. तहसीलच्या खिडकीवर उतारे मागावेत तसा प्रकार. आधी ओळखीचं टोकन दाखवायचं, मग एका खेपेला पन्नास पेट्यांची माहिती मिळते, पुढच्या पन्नासासाठी पुढच्या पानाची खूण घेऊन पुन्हा खिडकीवर. तासाभरात टोकन मरतं. घाई केली तर ‘फार वेळा विचारलंत, थोडं थांबा’ असं उत्तर येतं. मी त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता, पण तो मध्येच अडायचा आणि मला त्याच्यासमोर बसूनच राहावं लागायचं. मान आखडली होती. चहा प्यायचासुद्धा कंटाळा आला होता.

अशातच मंगळवारी दुपारी साक्रीकडच्या एका गावातून फोन आला. नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या अक्का होत्या. पंचवीस-तीस घरांची बौद्ध वस्ती, गावाच्या पाइपलाइनचं शेवटचं टोक. पेट्या यायच्या आधी वस्तीचा व्हॉल्व्ह अक्काच सोडायच्या, एवढं मला माहीत होतं.

“जय भीम ताई,” त्या म्हणाल्या.

“हां, बोला अक्का.”

मीही त्याच समाजातली आहे. घरी फोन उचलला की माझ्या तोंडून आपोआप जय भीम निघतं. ऑफिसात आजूबाजूला चार टेबलं असली की निघत नाही. ह्याचं मला वाईट वाटतं आणि तरीही मी तेच करते.

“चार नंबरनं मशीन उघडस नही,” अक्का अहिराणीत म्हणाल्या. “माले सोमवारले धुयाले जानं शे, डोयानं ऑपरेशन शे. मागली तारीख बी अशीच गई. मी गऊ ते वस्तीनं पानी कोन सोडी?”

मी चार नंबरची पेटी उघडून पाहिली. हिरवा ठिपका. गेले कित्येक महिने, दर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उघडला, पावणेआठला बंद झाला. एकही नागा नाही.

“अक्का, इथे तर हिरवं दिसतंय. मशीन सोडतंय पाणी. तुम्ही बिनघोर जा.”



“हिरवं दिखस का?”

“हो.”

“बरं माय,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. मशीन उघडत नाही असं ही बाई म्हणते, आणि मी ऑपरेशनला धुळ्याला गेले तर पाणी कोण सोडेल असंही म्हणते, मग आजवर पाणी सोडतंय तरी कोण, हे मी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात टोकन मेलं आणि मी नवं टोकन घ्यायच्या मागे लागले. खरं सांगायचं तर टोकन मेलं नसतं तरी मी विचारलं नसतं. अक्कांचा असा फोन पहिला नव्हता. आधीही मी हेच उत्तर दिलं होतं, आणि दर वेळी तक्रारीसमोर ‘निकाली’ लिहिलं होतं.

बुधवारी संध्याकाळी सगळ्या पेट्यांची कॉन्फिगरेशनं माझ्याकडे उतरली. मी सुटले म्हणून खुर्चीत मागे रेलले, तर आमच्या ऑफिसचे सर येऊन म्हणाले, नव्या सेवेवाल्यांना नुसतं आजचं कॉन्फिगरेशन चालत नाही, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या आवृत्त्या हव्यात. म्हणजे कॉन्फिगरेशन कधी कधी बदललं, काय बदललं, कुणी बदललं, सगळं. माझा जीव मेटाकुटीला आला. पुन्हा तीच खिडकी, तीच पन्नास-पन्नासची पानं, आणि आता प्रत्येक पेटीच्या मागे तिचा सगळा इतिहास.

गुरुवारी दुपारपर्यंत तेही उतरलं. ज्या पेट्यांचं ठिकाण मध्येच बदललेलं आहे त्या वेगळ्या काढ, असं सरांनी सांगितलं होतं. तशा चारच निघाल्या. तीन पेट्या रस्त्याच्या कामामुळे हलवल्या होत्या, ते मला आठवत होतं. चौथी होती अक्कांच्या वस्तीची.

पहिल्या आवृत्तीत तिचं ठिकाण त्याच गावच्या एक नंबर पेटीचं होतं. अक्षांश-रेखांशाचा शेवटच्या आकड्यापर्यंत मेळ. एक नंबरची पेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. दुसऱ्या आवृत्तीत ठिकाण नाल्यापलीकडे गेलं होतं. खाली शेरा होता: ‘लोकेशन दुरुस्त केले.’ आणि बदलणाऱ्याचा आयडी माझा होता.

मला सगळं लख्ख आठवलं. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या बैठकीत नकाशा दाखवायचा होता. सर म्हणाले होते, ह्या गावात चार पेट्या आहेत आणि ठिपके तीनच दिसतात, एक कमी दिसतोय. मी पाहिलं तर दोन ठिपके एकावर एक होते. बसवणाऱ्याने आळस केला, एकाच जागेवरून दोन्हींचं लोकेशन घेतलं, असं मी धरून चालले. उपग्रहाच्या नकाशात नाल्यापलीकडची घरं शोधली, घरांच्या अलीकडे चेंबर असावं असा अंदाज केला आणि तिथले आकडे टाकले. काम दोन मिनिटांचं होतं. नकाशा सुंदर दिसला. बसवणाऱ्याला फोन करून विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढे तो नोकरी सोडून गेला.

मी ग्रामपंचायतीच्या शिपाईभाऊंना फोन लावला.

“भाऊ, तुमच्या भिंतीवर आपल्या पेट्या किती आहेत हो?”

“दोन शेतस ना. एक चालू, एक शिलकी.”

“शिलकी पेटीचा काही आवाज येतो का?”

“येस. तिसरा दिन सकायले खट करस, घडीभरमा परत खट करस. आम्हले वाटनं, टेस्टिंग चालू शे.”

मी विचारलं, ती तिथे कशी आली. भाऊंनी अगदी सहज सांगितलं. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. नाल्यापलीकडे गाडी जात नव्हती आणि पाहुण्यांना पायी नेणं बरं दिसलं नसतं. म्हणून वस्तीची पेटीसुद्धा पंचायतीच्या भिंतीवरच लावली, दोन्ही पेट्यांना हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले. “मंग तठे नेवानं र्‍हायी गयं,” भाऊ म्हणाले. पेटी न्यायची राहून गेली, आणि मोटर तर अजून खोक्यातच आहे, पंचायतीच्या कपाटात.

तर ही पेटी तीन वर्षं भिंतीवर बसून, दर तिसऱ्या दिवशी सात वाजता, कशालाच न जोडलेली, खट करून ‘उघडला’ असा निरोप पाठवत होती. तिच्याकडून कामात जराही कसूर झाली नव्हती. पाणी खरंच वाहिलं का हे सांगणारा सेन्सर आमच्या कंपनीने सुरुवातीलाच वगळला होता. आणि तीन वर्षांपूर्वी त्या एकावर एक पडलेल्या दोन ठिपक्यांनी खरं तेच सांगितलं होतं. ते खरं मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. मला शरम वाटली. मी उगाचच उठून तोंडावर पाणी मारून आले.

शनिवारी जळगावला न जाता मी साक्रीची गाडी धरली. तिथून काळीपिवळी जीपने गावात पोहोचले. भिंतीवर दोन्ही पेट्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींवर हळदकुंकवाचे वाळलेले डाग, एकीला हाराचा काळा पडलेला दोरा. मी नाला ओलांडून वस्तीवर गेले. चालत दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अक्का दारात गहू पाखडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, वाळक्या अंगाच्या, उजव्या डोळ्यात पांढुरकी सावली. मी जवळ जाऊन म्हणाले, “जय भीम, अक्का.” त्यांनी मान वर करून आवाजावरून ओळखलं आणि सुपाखाली पाय सरकवून मला बसायला जागा केली.

मी त्यांना सगळं सांगितलं. भिंतीवरच्या पेटीचं सांगितलं, नकाशाचंही सांगितलं. माझी चूक झाली म्हणाले. त्या ऐकत होत्या आणि हाताने गव्हातले खडे वेचत होत्या, बोटांनी चाचपून. मग उठल्या, आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेली लोखंडी चावी घेऊन आल्या.

उद्घाटनाच्या दिवशी जुनी चावी पंचायतीने जमा करून घेतली होती. आता मशीन आलं, कुणी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. दुसऱ्याच पाळीला वस्तीवर पाणी आलं नाही, तेव्हा अक्कांनी साक्रीच्या आठवडी बाजारातल्या लोहाराकडून दुसरी चावी करून घेतली. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच व्हॉल्व्ह सोडत होत्या आणि बंद करत होत्या.

“तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ चावली.

“सांगं ना माय. तुलेच सांगं, तीन वखत. तू म्हनस, हिरवं दिखस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “पंचायतमा सांगं असतं ते हाई चावी बी लई गया असतात.”

म्हणून त्यांनी चावी कुणाच्याच हातात दिली नव्हती. वस्तीतल्या बायांना ठाऊक होतं, पण पकडलं कुणाला तर अक्कांनाच पकडावं, दुसऱ्या कुणावर बालंट नको, असा त्यांचा हिशेब. शिवाय व्हॉल्व्ह किती सोडायचा ह्याचं गणित होतं. साडेतीन फेरे. चार केले की वरच्या आळीचं पाणी तुटतं आणि भांडण होतं. तीनच केले तर वस्तीच्या शेवटच्या घरी थेंब पोहोचत नाही. ह्या पायी तीन वर्षांत त्या दोन रात्रींपेक्षा जास्त गाव सोडून राहिल्या नव्हत्या. जामनेरला लेकीचं बाळंतपण झालं तेव्हा बारशाची वाटसुद्धा न पाहता तिसऱ्या दिवशी परत आल्या होत्या. आणि डोळ्याची मागची तारीख पाळीच्याच दिवशी आली म्हणून सोडून दिली होती. येत्या सोमवारीही वस्तीची पाळी होती.

“डॉक्टर म्हने, महिनाभर वाकानं नही, जोर लावाना नही,” त्या म्हणाल्या. “मंग मी म्हने, र्‍हाऊ दे. एक डोया शे ना आजून.”

मी तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, थकलेला आहे, माझ्यासारखाच. म्हणाले, पेटी पुढच्या महिन्याच्या दौऱ्यात हलवू. तोपर्यंत नव्या सेवेवर दोन नंबरचीच आवृत्ती चढव, नकाशा नीट आहे. गावाची तक्रार तर नाही ना?

“तक्रार आहे सर. तीन वेळा आली. मीच ‘निकाली’ लिहिलं.”

सर म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर, पण वरून कोणी विचारलं तर उत्तर तू द्यायचं.” मी हो म्हणाले. मला त्या क्षणी कुणालाही उत्तर द्यायचं त्राण नव्हतं, तरी हो म्हणाले.

अक्कांच्या ओट्यावर बसून, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून, मी चौथ्या पेटीच्या कॉन्फिगरेशनची तिसरी आवृत्ती लिहिली. ठिकाण पुन्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नेलं. व्हॉल्व्हसमोर ‘जोडलेला नाही’ लिहिलं, म्हणजे पेटीचा ‘उघडला’ हा निरोप आता धरला जाणार नव्हता. शेऱ्यात लिहिलं की मागची दुरुस्ती चुकीची होती, ती मी केली होती, आणि वस्तीचं पाणी आजवर अक्का हाताने सोडत आल्या आहेत. शेऱ्याच्या रकान्यात इतकं मावत नव्हतं, म्हणून दोनदा काटछाट केली. दोन मिनिटांत हिरवा ठिपका लाल झाला. सगळ्या यादीत तेवढाच लाल होता.

मग शिक्क्यासोबत पिशवीत आणलेल्या कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं: चौथी पेटी जागेवर बसेपर्यंत नाल्यापलीकडचा व्हॉल्व्ह हाताने उघडण्यास आमची हरकत नाही. सही करून शिक्का मारला आणि पंचायतीत शिपाईभाऊंकडे एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली, शिलकी पेटीकडे एकदा पाहिलं आणि फाइलीत लावली. त्या कागदामुळे आता चावी फडक्यात लपवायची गरज उरली नव्हती. अक्कांनी शेजारच्या दोन बायांना चेंबरपाशी बोलावून साडेतीन फेरे शिकवायला सुरुवात केली. अर्ध्या फेऱ्यावरून दोघींची जुंपली, तेव्हा सोमवारी पहिल्यांदा मी सोडीन असं मी सांगितलं.

रविवारी दुपारी लेक जामनेरहून आली आणि अक्कांना धुळ्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी शेजारणीकडेच राहिले. सोमवारी सकाळी चेंबरचं झाकण दोघींनी धरून उचललं. मी वाकले. चावी बसवून जोर लावला तर व्हॉल्व्ह हलेना. खांद्यातून कळ गेली. दर तिसऱ्या दिवशी ही बाई हे कशी करत असेल, असं वाटलं आणि मग तसं वाटून घ्यायचाही मला अधिकार नाही, असंही वाटलं. पुन्हा जोर लावला. एक फेरा, दोन, तीन, आणि शेजारणीने हाताने खूण केली तिथे अर्धा. पाइपमधून घरघर ऐकू आली.

साडेसात वाजत आले तेव्हा फोन वाजला. अक्कांचा होता.

“ऑपरेशनले आजून नंबर नही लागना,” त्या म्हणाल्या. “नर्सबाई म्हने, फोन ठेवा आते. मी म्हने, एक मिनिट. पानी उनं का माय? हिरवं दिखस का?”

हातातल्या फोनवर पाहून उत्तर द्यायची मला इतकी सवय झाली होती की बोट आपोआप पडद्याकडे गेलं.

“हिरवं नाही अक्का, लाल दिसतंय,” मी म्हणाले. “थांबा. फोन ठेवू नका. शेवटच्या घरच्या नळापर्यंत जाऊन सांगते.”

मी चालायला लागले. बोळातून, ओट्यांवरून, हंड्यांच्या मधून. पहिल्या घराच्या नळाला धार होती, मधल्याला होती, तरी मी पुढेच गेले. शेवटच्या घरी एक बाई नळाखाली घागर लावून वाट बघत उभी होती. नळातून नुसती हवा येत होती. फोनमध्ये अक्कांचा श्वास ऐकू येत होता, मागे नर्सबाई कुणाला तरी हाक मारत होती. मग नळ दोनदा ठसकला आणि पाणी आलं. मी फोन घागरीजवळ धरला.

“ऐकलं का अक्का?”

“उनं,” त्या म्हणाल्या. “आते जास मी.”